बंदूक मुलाच्या हाती, कथा कुणाची?

घरातील मुलगा संगणकावर युद्धाचा खेळ खेळू लागला की वडीलधाऱ्यांच्या कानावर पडतो तो केवळ गोळीबार. वेळेचा अपव्यय, डोळ्यांवरील ताण आणि अभ्यासाची हेळसांड यांची चर्चा होते आणि विषय तिथेच संपतो. ही काळजी रास्त आहेच. परंतु त्या गोळीबाराआड एक सविस्तर कथा मुलाला सांगितली जात असते, याकडे सहसा कुणाचे लक्ष जात नाही. एकट्याने खेळायच्या या भागाला ‘कॅम्पेन’, म्हणजेच मोहीम म्हणतात. तिला नायक असतो, खलनायक असतो, आरंभ आणि शेवटही असतो. चित्रपट पाहणारा नायकाकडे पाहतो. येथे मात्र खेळणारा नायकाच्याच डोळ्यांनी पाहतो आणि त्याच्याच हाताने चाप ओढतो. या माध्यमाची शक्ती यातच आहे.

ही शक्ती उथळ नाही. २००७ साली आलेल्या ‘कॉल ऑफ ड्यूटी ४ : मॉडर्न वॉरफेअर’मध्ये खेळणारा एका अमेरिकी सार्जंटच्या भूमिकेत असतो. परतीच्या वाटेवर अणुस्फोट होतो आणि हेलिकॉप्टर कोसळते. जखमी सार्जंट त्यातून सरपटत बाहेर येतो आणि काही पावलांतच प्राण सोडतो. खेळणाऱ्याने कोणतीही कळ दाबली तरी तो वाचत नाही. जिंकण्याची सवय जडलेल्या हाताला पराभवाची अशी जाणीव करून देणे, हे कथनकौशल्यच म्हणावे लागेल.

परंतु जी कथा इतकी खोलवर रुजते, ती असत्य असेल तर? फेब्रुवारी १९९१ मध्ये कुवेतमधून माघार घेणाऱ्या इराकी सैन्यावर अमेरिकेच्या नेतृत्वाखालील विमानदलांनी बॉम्बवर्षाव केला. जळालेल्या वाहनांच्या रांगांमुळे बसऱ्याकडे जाणाऱ्या त्या रस्त्याला ‘मृत्यूचा महामार्ग’ हे नाव पडले. २०१९ च्या ‘मॉडर्न वॉरफेअर’ने हेच नाव एका काल्पनिक देशातील रस्त्याला दिले आणि तेथील संहाराचे पाप रशियाच्या माथी मारले. देश काल्पनिक आहे, हा बचाव तोकडा आहे. ज्याने १९९१ चा इतिहास वाचलेला नाही, त्या मुलाच्या स्मरणात हे नाव कुणाच्या अपराधाशी जोडले जाईल, हे वेगळे सांगायला नको. इतिहासाचे पुस्तक हाती येण्यापूर्वीच इतिहासाचा निवाडा होऊन गेलेला असतो.

या कथाविश्वात भारत कुठे आहे? २०११ च्या ‘मॉडर्न वॉरफेअर ३’मध्ये हिमाचल प्रदेश दिसतो खरा, पण लढणारे नायक परकीय, त्यांचा पाठलाग करणारे रशियन आणि भारतभूमी म्हणजे केवळ मागचा पडदा! दुसऱ्या महायुद्धात सुमारे २५ लाख भारतीय सैनिक लढले. तरीही २००३ च्या पहिल्या ‘कॉल ऑफ ड्यूटी’ने खेळणाऱ्याच्या हाती अमेरिकी, ब्रिटिश आणि सोव्हिएत सैनिकाचीच बंदूक दिली. १० जुलै १९४४ रोजी इटलीतील टायबरच्या खोऱ्यात सहकारी घायाळ वा मृत होऊन पडले असता एकट्याने शत्रूच्या मशीनगनवर चालून जाणारे आणि गोळ्या संपताच बंदुकीच्या दस्त्याने लढणारे मराठा पलटणीचे नाईक यशवंत घाडगे. ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीकाठी जखमी सहकाऱ्यांना वाहून सुरक्षित स्थळी नेणारे आणि नंतर मशीनगनचे मोर्चे उद्ध्वस्त करणारे शिपाई नामदेव जाधव. दोघेही व्हिक्टोरिया क्रॉसचे मानकरी. यांच्या पराक्रमात मोहिमेला लागणारे काय कमी आहे?

दोष केवळ परकीयांना देऊन भागणार नाही. २६ जानेवारी २०२१ रोजी ‘फौजी’ हा भारतीय खेळ गलवानची मोहीम घेऊन आला, तेव्हा अपेक्षा मोठ्या होत्या. प्रत्यक्षात चालून येणाऱ्या शत्रूंना एकामागून एक लोळवणे, हाच त्याचा बहुतांश भाग ठरला. गलवानची खरी कथा याहून कितीतरी मोठी आहे. १९९६ च्या भारत-चीन करारानुसार प्रत्यक्ष नियंत्रण रेषेलगत गोळीबार न करण्याचे बंधन होते. १५ जून २०२० च्या रात्री कर्नल संतोष बाबू यांच्यासह वीस जवानांनी हौतात्म्य पत्करले, ते गोळी न झाडता झालेल्या झुंजीत. शस्त्र असूनही ते आवरण्याचा संयम आणि त्यासाठी मोजलेले मोल, हा त्या कथेचा गाभा आहे. तो गळला की उरते ती निव्वळ हाणामारी.

शौर्यकथेला सत्याचे भय नसावे. ‘स्पेक ऑप्स : द लाइन’ या २०१२ च्या जर्मन बनावटीच्या खेळात नायक शत्रूवर पांढऱ्या फॉस्फरसचा मारा करतो आणि नंतर त्याच राखेतून चालताना आपण निरपराध नागरिकांना जाळले, हे त्याला कळते. शस्त्र उचलणाऱ्याच्या खांद्यावर धर्माधर्माच्या निर्णयाचे ओझे असते, हे कुरुक्षेत्राची कथा ऐकत वाढलेल्या समाजाला नव्याने सांगण्याची गरज नाही. मग आपल्या युद्धकथा केवळ जयघोषावर का थांबाव्यात?

पालकांनी खेळ बंद करण्याचा हुकूम सोडण्यापूर्वी एकदा मुलाशेजारी बसावे. हा कोणत्या देशाचा सैनिक? शत्रू कोण आणि तो शत्रू का? हे खरोखर घडले होते का? एवढे तीन प्रश्न विचारावेत. आणि ज्या तरुणांच्या हाती संगणकाची विद्या आहे, त्यांनी घाडगे-जाधवांच्या कथा अभ्यासपूर्वक, अतिशयोक्ती टाळून सांगाव्यात. आपली कथा आपण सांगितली नाही, तर ती दुसरा सांगेल. मग तीत आपले स्थान कोणते, हेही तोच ठरवील.