गढ्याचा वारसा : गड आणि तलाव

जबलपूर शहरातील गढा हा भाग एके काळी गोंड राज्याची राजधानी होता. सोळाव्या शतकात राजा संग्रामशाह याने हे राज्य वाढविले. त्याच्या सत्तेखाली ५२ गड होते, असे परंपरा सांगते. त्याची स्नुषा राणी दुर्गावती हिने पतीच्या निधनानंतर अल्पवयीन पुत्राच्या नावाने राज्यकारभार चालविला आणि १५६४ मध्ये मोगल सैन्याशी लढताना प्राणार्पण केले.

आज टेकडीवरील मदनमहाल पाहण्यास लोक दुरून येतात. १९८३ पासून जबलपूरचे विद्यापीठही राणीच्या नावाने ओळखले जाते. हे योग्यच होय. परंतु वारसा म्हणजे केवळ वास्तू व नामफलक नव्हेत. या राज्याने खडकाळ भूमीत ठिकठिकाणी तलाव बांधले. राणीताल राणीने, चेरीताल तिच्या दासीने, तर आधारताल मंत्री आधारसिंह याने बांधविला, असे मानले जाते. लोकस्मृतीने राणीबरोबर दासीलाही स्थान दिले, ही मोठी गोष्ट आहे.

चेरीताल हे आज मात्र एका वस्तीचे नाव आहे. वाढत्या शहराला जागा हवी असते, हे खरे. पण तलाव बुजला की पावसाचे पाणी मुरण्याऐवजी रस्त्यांवर साचते आणि उन्हाळ्यात विहिरी आटतात. संग्रामसागर व आधारताल अजून टिकून आहेत. ते स्वच्छ राखणे हे शासनाइतकेच नागरिकांचेही कर्तव्य आहे. राणीच्या पुतळ्याला हार घालण्याइतकेच तिच्या काळातील पाणी जपणे, हेही तिचे स्मरणच होय.