दीड फुटी शब्दांचा हव्यास

सयाजीगंज ही बडोद्याची विद्याभूमी होय. जुन्या बडोदे कॉलेजची घुमटाची इमारत येथेच उभी आहे, आणि १९४९ साली त्याच कॉलेजाच्या पायावर महाराजा सयाजीराव विद्यापीठ स्थापन झाले. त्या विद्यापीठाच्या सावलीत आज परदेशगमनाच्या परीक्षांचे वर्ग भरतात. आमची मुले तेथे क्लिष्ट इंग्रजी शब्दांच्या याद्या घोकीत असतात. घरी आल्यावर हातातल्या यंत्रावर ‘आजचा नवा शब्द’ वाट पाहत असतोच. अमुक मुलाला तीन हजार शब्द पाठ आहेत, हे आईबाप आल्यागेल्याला कौतुकाने सांगतात. या कौतुकाविषयी आम्हांस चार शब्द स्पष्टपणे सांगावयाचे आहेत.

प्रथमच सांगून ठेवतो की इंग्रजीशी आमचे वैर नाही. आम्ही भाषाशुद्धीचे सोवळे नेसूनही बसलेलो नाही. परभाषेतले शब्द घरात आले म्हणून घर बाटत नाही. पाव, बटाटा, चावी, बादली, पगार, घमेले हे सारे पोर्तुगीजांकडून आलेले. उत्सवात देवापुढील वस्तूंचा ‘लिलाव’ पुकारताना तो शब्द सातासमुद्रांपलीकडचा आहे हे कोणाच्या ध्यानीही येत नाही. गोव्यातील आसगावचे मोन्सिन्योर सेबास्तियांव रोदोल्फो दालगादो यांनी १८९३ साली कोकणी-पोर्तुगीज कोश सिद्ध केला आणि पुढे १९१३ साली आशियाई भाषांत शिरलेल्या पोर्तुगीज शब्दांचा प्रचंड ग्रंथ लिहिला. त्या ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर कोणी केले? याच बडोदे कॉलेजातील इंग्रजीचे प्राध्यापक अ‍ॅंथनी झेवियर सोअरिस यांनी. १९३६ साली ते गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत बडोद्यासच प्रसिद्ध झाले. इंग्रजीवरील प्रभुत्व आपल्या घरच्या शब्दांच्या सेवेस कसे लावावे, याचा धडा सयाजीगंजात असा गिरवला गेला आहे.

मग आमचा आक्षेप कशास? आक्षेप आहे तो वस्तूवाचून शब्द गोळा करण्यास. बादली आली ती पाणी भरण्यासाठी, आणि तिच्याबरोबर तिचे नाव आले. घोकलेल्या यादीतला शब्द मात्र कशाबरोबरच येत नाही. तो ना वाचनात भेटलेला असतो, ना बोलण्यात वापरायचा असतो. परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी तो निर्माल्यासारखा विसर्जित होतो.

बरे, ज्यांच्यासाठी हे घोकणे चालते, त्यांनीच त्याची मातब्बरी कमी केली आहे. अमेरिकेतील उच्च शिक्षणाची जी. आर. ई. परीक्षा २०११ साली बदलली तेव्हा विरुद्धार्थी शब्द व शब्दसाम्य यांचे सुटे प्रश्न त्यांनी काढून टाकले आणि उताऱ्यात शब्दाचा अर्थ उमगतो की नाही यावर भर दिला. २०१६ साली एस. ए. टी. परीक्षेनेही दुर्मिळ शब्दांची तशीच रजा घेतली. यजमानाने पंगतीतून काढलेले ताट आमचे लोक अजून डोक्यावर घेऊन नाचत आहेत! स्वतः इंग्रज तरी अशा शब्दांना काय म्हणतात? लांबलचक शब्दांस ते ‘सेस्क्विपिडेलियन’ म्हणतात, म्हणजे दीड फुटी. ही थट्टा त्यांनी रोमन कवी होरेस याच्याकडून घेतली. जॉर्ज ऑर्वेलने तर १९४६ साली निबंध लिहून आपल्या भाषाबंधूंना बजावले की लहान शब्दाने काम भागत असेल तर मोठा वापरू नये.

कोणी म्हणेल, शब्द वाढले तर बिघडले कुठे? वाढले असते तर आम्हीही आनंद मानला असता. परंतु एका दाराने इंग्रजी शब्द येतो तेव्हा दुसऱ्या दाराने घरचा शब्द निघून जातो, त्याचे काय? ‘ऑब्फस्केट’चा अर्थ तत्काळ सांगणाऱ्या मुलाला ताम्हण, पळी, पंचपात्र यांतला भेद सांगता येत नाही. गोव्यात चतुर्थीला माटोळी बांधताना रानातल्या फळांची नावे मुले आपोआप शिकत आली, कारण ते फळ आधी हातात येते व नाव मागाहून. माटोळी बाजारातून तयार आली की ती नावेही संपली. दिवजां, गाभारा, सभामंडप हे शब्द कोणत्याही वर्गात शिकवले जाणार नाहीत. ते आमच्यावाचून निराधार आहेत.

सयाजीराव महाराजांनी इंग्रजी पुरेपूर ओळखली होती, तरी ते तिचे दास झाले नाहीत. १९३१ साली त्यांच्या राज्याने ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु’ प्रसिद्ध केला. त्यात कारभारातील इंग्रजी शब्दांपुढे गुजराती, मराठी, संस्कृत, उर्दू, फारसी, हिंदी व बंगाली असे सात भाषांतील पर्याय मांडले. परका शब्द दिसला की ‘आमच्याकडे यास काय म्हणावे?’ हा प्रश्न त्या राज्याने विचारला. आमची मुले तो प्रश्न विचारीत नाहीत, कारण आम्ही त्यांना तो विचारावयास शिकवले नाही.

म्हणून आमचे मागणे एवढेच. मुलाने इंग्रजी शब्द जरूर शिकावा, पण तो ग्रंथ वाचताना शिकावा, आणि त्याच वहीत समोर मराठी किंवा कोकणी शब्द लिहावा. तो न आठवल्यास आजीला विचारावा. प्रत्येक देवस्थानाने आपल्या पूजेतील, उत्सवातील व स्वयंपाकघरातील शब्दांची यादी जाणत्या पुजाऱ्यांकडून आणि सुवासिनींकडून लिहून घ्यावी. यास द्रव्य लागत नाही, केवळ आस्था लागते. ती आस्था आज दाखवली नाही, तर उद्या आमच्याच देवळातील वस्तूंची नावे आम्हांस परक्यांच्या कोशात शोधावी लागतील.