वग दहालाच का थांबवायचा?

रात्री दहानंतर ध्वनिवर्धक लावण्याच्या सवलतीचे वर्षातले १५ दिवस पुन्हा सण, मिरवणुका आणि ३१ डिसेंबरमध्येच वाटले गेले. गावोगावच्या जत्रा आणि तिथे उभे राहणारे तमाशाचे फड बाहेरच राहिले. हा उघड अन्याय आहे.

या दिवसांची यादी करणाऱ्यांनी एकदा चैत्रातल्या जत्रेत येऊन बसावे. दिवसभर पालखी, कुस्त्या. जेवणे उरकून माणसे मैदानात येईपर्यंत नऊ वाजून जातात. ढोलकी कडाडते, गण होतो, गवळण रंगते, मावशी टाळ्या घेते आणि दहाच्या ठोक्याला कनातीबाहेर पोलिसांची गाडी उभी राहते. ज्या वगासाठी लोक आलेले असतात, तो राहूनच जातो. मग सुपारीच्या पैशांवरून हुज्जत. गावाने पुढच्या वर्षी नारायणगावच्या राहुट्यांत जाऊन फड ठरवावा तरी कशासाठी?

२००० सालच्या नियमांनी रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावरचा ध्वनिवर्धक बंद केला, बंदिस्त सभागृहांना मात्र मुभा ठेवली. ज्यांना सभागृह आहे त्यांचे भागते. मोकळे मैदान हेच ज्याचे रंगमंदिर, त्या कलेचा गळा आवळला जातो. पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवातल्या रात्र रात्र चालणाऱ्या मैफलीही याच नियमाने संपवल्या.

त्याच नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ डेसिबलची मर्यादा आहे. डीजेच्या भिंती ती भरदिवसा पायदळी तुडवतात, घरांच्या काचा थरथरतात, तेव्हा आवाज मोजायला कोणी येत नाही. घड्याळ बघणे सोपे आहे. आवाज मोजणे आणि मंडळांना अडवणे यांना हिंमत लागते. ती नाही म्हणून सगळा कायदा फडावर चालवला जातो. रुग्णांची, विद्यार्थ्यांची झोप महत्त्वाची आहेच, पण ती मोडतो तो आवाज, घड्याळाचा काटा नव्हे.

विठाबाई नारायणगावकर यांच्या नावाने सरकार जीवनगौरव पुरस्कार देते. ज्या कलावंतांचा गौरव करायचा, त्यांचाच खेळ अर्ध्यावर मोडायचा, हे सरकारला शोभत नाही. पुढच्या यादीत जत्रांच्या हंगामातले दिवस आलेच पाहिजेत. तेवढ्याने भागणार नाही. हे नियम केंद्राचे आहेत, तेव्हा आवाजाची मर्यादा पाळणाऱ्या लोककलांसाठी स्वतंत्र सवलतीची दुरुस्ती राज्याने दिल्लीकडे मागावी, आणि ती जत्रांचा पुढचा हंगाम सुरू होण्याआधी मागावी.