परवडणे म्हणजे नेमके काय?

गेल्या मार्चमध्ये आपल्याच मंडळाचे एक तरुण सभासद सपत्नीक माझ्या दवाखान्यात आले होते. दोघेही पदव्युत्तर शिक्षण घेतलेले, दोघांचीही प्रॅक्टिस इंदुरात नुकतीच स्थिरावू लागलेली. सोबत मुलगा होता, पण त्याची प्रकृती उत्तम होती. मला दाखवायला आणला होता तो शाळेच्या शुल्काचा कागद. बायपासपलीकडील एका शाळेत पहिलीच्या वर्गासाठी, बस धरून, वर्षाला अडीच लाख रुपये. "मॅडम, तुम्ही या सगळ्यातून गेला आहात. आम्हाला परवडेल ना?" त्यांनी विचारले. बाहेर पेशंट खोळंबले होते. मी काहीतरी गुळमुळीत बोलून वेळ मारून नेली. ते उत्तर या स्मरणिकेच्या निमित्ताने पुरे करावे, असे वाटते. कारण हा प्रश्न त्या दोघांपुरता नाही.

प्रारंभीच एक गोष्ट स्पष्ट करते. महागड्या शाळांवर टीका करणे हा या लेखाचा हेतू नाही. अशा अनेक शाळांतून सुसज्ज प्रयोगशाळा असतात, खेळाची मैदाने असतात, वर्गात मुले बेताची असतात. मुलीला अशा शाळेत घालताना आमचाही हेतू प्रामाणिक होता. मी दहावीपर्यंत मराठी आणि पुढे हिंदी माध्यमातून शिकले. महात्मा गांधी वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश मिळाला, तेव्हा पहिले सहा महिने शरीररचनाशास्त्राच्या तासाला समोरच्या अध्यापकांचे निम्मे बोलणे डोक्यावरून जात असे. उत्तर येत असूनही हात वर करण्याचे धैर्य होत नसे. आपल्या मुलीवर ही वेळ येऊ नये, एवढीच आमची इच्छा होती. आपल्यापैकी अनेकांच्या मनात असाच काहीसा जुना सल असतो आणि शाळेचा अर्ज भरताना तोच पेन धरत असतो. त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. परंतु हेतू चांगला असला, म्हणजे हिशेब आपोआप बरोबर येतो असे नव्हे.

प्रथम तो हिशेबच मांडू. मध्य प्रदेशच्या शुल्क-विनियमन कायद्यानुसार वर्षाला दहा टक्क्यांपर्यंत वाढ करण्यासाठी शाळेला पूर्वपरवानगी लागत नाही. म्हणून वाढ दहा टक्के धरू. पहिलीचे अडीच लाख बारावीत पोहोचेपर्यंत सात लाखांच्या वर जातात. बारा वर्षांची बेरीज होते सुमारे साडेत्रेपन्न लाख रुपये. गणवेश, सहली, शिकवण्या यात नाहीत. दुसरे मूलही नाही. आता तपासणीचे शुल्क पाचशे रुपये आणि त्यातील निम्मे जागेचे भाडे, कर्मचाऱ्यांचे पगार व कर यांत जाते असे धरले, तर ही रक्कम उभी करण्यासाठी एकवीस हजारांहून अधिक मुले तपासावी लागतील. घरखर्च, कर्जाचे हप्ते आणि म्हातारपणाची तजवीज त्यानंतर.

आपण मात्र असा हिशेब करीत नाही. आपण आपल्या सर्वोत्तम महिन्याचे उत्पन्न डोळ्यांपुढे ठेवतो. पावसाळ्यात आणि दिवाळीच्या आसपास बालरोगाची ओपीडी ओसंडून वाहते. परीक्षा व उन्हाळी सुटीच्या काळात ती ओसरते. शाळेचे सत्र मात्र नेमके एप्रिलात सुरू होते. एप्रिल २०२० मध्ये आपल्या ओपीडी कशा ओस पडल्या होत्या, हे कोणीच विसरलेले नाही. नोकरदाराचा पगार ठरलेला असतो, म्हणून त्याला खर्चाची मर्यादा आधीच ठाऊक असते. आपले उत्पन्न लवचीक आहे, आणि खरा धोका त्यातच आहे. पैसे कमी पडले, तर ते कोठून वाढवायचे, हे ठरवण्याची लेखणी आपल्याच हातात असते.

याच लेखणीविषयी मला बोलायचे आहे. त्यासाठी स्वतःचीच एक गोष्ट सांगते. ती सांगणे सुखाचे नाही.

ऑगस्ट २०१२ ची गोष्ट. मुलगी सातवीत होती. शाळेच्या शुल्काचा दुसरा हप्ता त्या आठवड्यात भरायचा होता आणि त्याची चिठ्ठी माझ्या टेबलाच्या काचेखाली होती. त्याच वर्षी आम्ही नर्सिंग होमचे कर्जही घेतले होते. संध्याकाळी देवासजवळच्या एका खेड्यातून चौदा महिन्यांच्या मुलाला घेऊन आईवडील आले. जुलाब, थोडे निर्जलीकरण. पण मूल सावध होते, तहान होती, वाटीतले पाणी ओढून पीत होते. चार तास नजरेखाली ठेवून चमच्याचमच्याने ओआरएस पाजावे, झिंक द्यावे, आईला शिकवावे आणि घरी पाठवावे, असे शास्त्र सांगते आणि तेच मी निवासी डॉक्टरांना वर्षानुवर्षे शिकवत आले होते. मी त्याला भरती केले. दोन दिवस सलाईन लावले. केसपेपरवर तसे समर्थनही लिहिले. खेडे दूर आहे, रात्रीची वेळ आहे, धोका कशाला पत्करा, असे स्वतःला सांगितले. ही कारणे अगदीच खोटी नव्हती; म्हणूनच ती धोकादायक होती.

तिसऱ्या दिवशी मूल हसत घरी निघाले. वडील बिल हातात घेऊन आत आले आणि अजिजीने म्हणाले, "मॅडम, दो किश्तों में दे दूँ तो चलेगा?" माझी नजर टेबलाच्या काचेखाली गेली. त्यांना मी निम्मे बिल माफ केले, हे खरे. पण माफी देण्याचा अधिकार मला होता का, हा प्रश्न तेव्हापासून मनातून गेला नाही.

काही दिवसांनी जेवताना शाळेच्या शुल्काचा विषय निघाला. माझे सासरे निवृत्त शिक्षक होते. फार बोलत नसत. त्यांनी ताटावरची नजर न काढता विचारले, "सूनबाई, ही फी तुम्ही भरता, की तुमचे पेशंट भरतात?" मी रागावले. दोघे पती-पत्नी दिवसाचे बारा तास राबतो, कोणाचे एक पैसा लुबाडत नाही, असे काहीसे बोलूनही गेले. त्यांनी वाद घातला नाही. उत्तर मला माहीत होते, म्हणूनच राग आला होता.

आपल्या शास्त्राचे वैशिष्ट्य असे, की त्यातील थोर उपायांपैकी कित्येक अत्यंत स्वस्त आहेत. १९७१ मध्ये बांगलादेशी निर्वासितांच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, साखर आणि पाण्याच्या द्रावणाने कॉलऱ्याच्या असंख्य रुग्णांना वाचवले. बालरोगतज्ज्ञाची खरी विद्या पुष्कळदा 'काही करू नका' असे सांगण्यात असते. साध्या सर्दीला प्रतिजैविक नको. विषाणूजन्य ताप आपल्या गतीने उतरेल. ही तपासणी आज नको, परवा पाहू. मूल बारीक आहे पण निरोगी आहे, टॉनिक नको. या प्रत्येक वाक्याला दहा मिनिटे समजावून सांगावे लागते आणि त्यातून फारसे काही मिळत नाही. असे वाक्य बोलण्यासाठी ज्ञान लागतेच. पण त्याहून अधिक लागते ती निश्चिंतता. ज्याच्या डोक्यावर दर तीन महिन्यांनी मोठा हप्ता उभा आहे, त्याची जीभ हे वाक्य उच्चारताना किंचित अडखळते. तो लबाड असतो असे नाही. संशयाचा फायदा कोणत्या बाजूला द्यायचा, एवढेच हळूहळू बदलत जाते.

"आम्ही असे कधीच करीत नाही," असे अनेक सहकारी म्हणतील आणि ते खरेही असेल. त्यांच्यासाठी दुसरा हिशेब आहे. रुग्णाकडून न घेतलेला पैसा मग स्वतःच्या वेळेतून काढावा लागतो. आम्ही दोघांनी तेही केले. संध्याकाळची ओपीडी साडेनऊपर्यंत वाढवली, रविवार सकाळही घेतली. मुलगी पहाटे सहाला बसमध्ये बसे. मी घरी येई तेव्हा ती झोपलेली असे किंवा झोपायच्या वेळी जागी असे. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला नऊ ते बारा तास झोप हवी, रोज तासभर तरी खेळ हवा, हे मी दुसऱ्यांच्या आयांना सांगत होते. सकाळी शाळेच्या वेळी पोट दुखणारी आणि रविवारी ठणठणीत असणारी मुले आपण सर्वच पाहतो. सोनोग्राफी निर्मळ येते आणि मग आपण पालकांना विचारतो, "घरी त्याच्याशी कोण बोलते?" हा प्रश्न आपल्याला विचारणारे सहसा कोणी नसते.

आठवीनंतर, २०१४ मध्ये, आम्ही मुलीची शाळा बदलली. घरापासून सायकलने जाता येईल अशी, शुल्क आधीच्या एक तृतीयांश. यात गौरव करण्याजोगे काही नाही. पहिले वर्ष तिला फार जड गेले. मैत्रिणी सुटल्या, पोहण्याचा तलाव सुटला, आणि नातेवाइकांत "यांची प्रॅक्टिस बसली की काय" अशी कुजबुज झाली ती निराळीच. आज ती वनस्पतिशास्त्रात संशोधन करते. जुन्याच शाळेत राहिली असती तर अधिक चमकली असती का, हे मला सांगता येणार नाही, आणि कोणी सांगू शकेल असेही वाटत नाही. पण रविवारची ओपीडी बंद झाली. आणि दुसरी एक गोष्ट झाली, ती फक्त मलाच कळली. संध्याकाळी आठ वाजता, थकलेली असतानाही, "भरती नको, घरी न्या, काय पाहायचे ते सांगते" हे मी पुन्हा सहज म्हणू लागले.

म्हणून त्या तरुण दांपत्याला आणि त्यांच्यासारख्या इतर सहकाऱ्यांना, वडीलकीच्या नात्याने, चार गोष्टी सुचवते. पहिली, पहिल्या वर्षाचे शुल्क पाहू नका. बारा वर्षांची बेरीज कागदावर लिहा आणि दोघांनीही ती वाचा. दुसरी, भरपूर कमाईचा महिना विसरा. गेल्या तीन वर्षांतील सर्वांत मंद महिन्यातील उत्पन्नावर शुल्क बेतता येते का, ते पाहा. तिसरी, नर्सिंग होम, उपकरणे, घर आणि शाळा ही चार ओझी एकाच वेळी उचलू नका. त्यांपैकी शाळा हे असे ओझे आहे, की एकदा उचलल्यावर मुलाच्या देखत खाली ठेवणे सर्वांत अवघड. चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. हप्ता भरण्याच्या आठवड्यात स्वतःच्या केसपेपरांकडे बारकाईने पाहा. त्या आठवड्यात भरती, तपासण्या, इंजेक्शने नेहमीपेक्षा अधिक दिसली, तर ती शाळा तुम्हाला परवडत नाही. बँकेतील शिल्लक काहीही सांगो.

मंडळाच्या कार्यकारिणीलाही एक विनंती आहे. आपल्या वार्षिक संमेलनात नव्या औषधांवर, नव्या यंत्रांवर व्याख्याने होतात. वर्षातून एक संध्याकाळ अशीही असावी, जिथे नव्याने प्रॅक्टिस थाटणारी जोडपी आणि आमच्यासारखे जुने लोक, सोबत एखादे सनदी लेखापाल घेऊन, उत्पन्न-खर्चाविषयी मोकळेपणाने बोलतील. पैशांविषयी एकमेकांशी बोलायला आपण संकोचतो. त्यामुळे प्रत्येक जण शेजारच्या डॉक्टरची मुले कोणत्या शाळेत जातात, हे पाहून आपली ऐपत ठरवतो.

गेल्या दिवाळीत मुलगी घरी आली होती. जुने फोटो पाहताना तिने सहज विचारले, "आई, तेव्हा आपल्याला ती शाळा परवडत नव्हती का गं?" इतकी वर्षे तिला आम्ही अंतराचे, बसचे, उन्हाचे कारण सांगत आलो होतो. त्या दिवशी मी तिला देवासजवळच्या त्या मुलाची गोष्ट सांगितली. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "म्हणजे नव्हतीच परवडत."

त्या तरुण दांपत्याला द्यायचे राहिलेले उत्तर माझ्याजवळ यापेक्षा निराळे नाही.