महागडा घास, महागडा संकोच

न्यूयॉर्कमधील एखाद्या नामांकित स्टेकहाउसमध्ये माणशी शंभर डॉलरचे बिल सहज होते. मंद दिवे, पांढरेशुभ्र टेबलक्लॉथ, वाइनचा पेला आणि पुढ्यात गोमांसाचा जाड तुकडा, असा तो थाट असतो. पण मध्यम भाजलेला मागवलेला स्टेक कधीकधी जास्त भाजून येतो. मांसाचे तापमान साठ-पासष्ट अंश सेल्सिअसच्या वर गेले की स्नायूंचे तंतू आक्रसतात, त्यांतले पाणी पिळून निघते आणि उत्तम प्रतीचे मांसही चिवट होते. ताट परत पाठवणे अनेकांना अवघड वाटते. चावला न जाणारा तुकडा चारचौघांत तोंडातून काढणे तर त्याहून अवघड. मग तो वाइनच्या घोटाबरोबर खाली ढकलला जातो. पैसे वाया गेले, संध्याकाळ फुकट गेली, एवढ्यावर निभावले तर नशीब म्हणायचे.

असा घास अन्ननलिकेत अडकण्याला डॉक्टर ‘स्टेकहाउस सिंड्रोम’ म्हणतात. रुग्णाला श्वास घेता येतो, बोलता येते. मात्र छातीत दाटते आणि काही गिळता येत नाही. पुष्कळदा अशा रुग्णाची अन्ननलिका मुळातच अरुंद झालेली असते आणि त्याला त्याचा पत्ता नसतो. वरून पाणी पिऊन किंवा कोरडा भात खाऊन तुकडा ढकलू नये. स्वतःची लाळही गिळता येत नसेल, तर त्याच रात्री रुग्णालय गाठावे. दुर्बिणीतून तुकडा काढता येतो. घास आपोआप उतरला तरी तपासणी टाळू नये, कारण अरुंद नलिका तशीच राहते.

तुकडा श्वासमार्गात गेला, तर हाती जेमतेम काही मिनिटे असतात. अमेरिकेतील डॉ. रॉजर हॉगेन यांनी १९६३ मध्ये फ्लोरिडातील अशा मृत्यूंची नोंद प्रसिद्ध केली. उपाहारगृहात जेवताना माणसे अचानक कोसळली होती आणि हृदयविकाराचा झटका आला असे समजले गेले होते. शवविच्छेदनात श्वासमार्ग बंद करणारा अन्नाचा तुकडा सापडला. त्यांनी या प्रकाराला ‘कॅफे कॉरोनरी’ म्हटले. मोठा घास, मद्य आणि कवळी या तीन गोष्टी एकत्र आल्या की धोका वाढतो.

या दोन्हींतला फरक कोणालाही ओळखता येतो. हृदयविकाराचा रुग्ण शुद्धीवर असेल तर सहसा बोलू शकतो. घशात घास अडकून श्वास कोंडलेल्या माणसाच्या तोंडून शब्द फुटत नाही, खोकताही येत नाही आणि हात गळ्याकडे जातो. अनेकदा असा माणूस इतरांच्या जेवणात व्यत्यय नको म्हणून उठून गुपचूप स्वच्छतागृहाकडे जातो. जिथे मदत मिळाली असती ती जागा सोडून तो एकटा पडतो. अशा वेळी हा संकोच जिवावर बेततो.

उपाय साधा आहे. माणूस जोरात खोकत असेल, तर त्याला खोकू द्यावे. आवाजच बंद झाला असेल, तर त्याला पुढे वाकवून दोन खांद्यांच्या मध्ये तळहाताने पाच जोरदार थापा माराव्यात. तेवढ्याने भागले नाही, तर पाठीमागून कमरेभोवती हात घालून, बेंबीच्या वर मूठ ठेवून आत आणि वर पाच हिसके द्यावेत. तुकडा निघेपर्यंत हे आलटूनपालटून करावे. गर्भवतींना हेच दाब छातीच्या मध्यावर द्यावेत. वर्षाच्या आतील बाळाच्या पोटावर असे दाब कधीही देऊ नयेत. शुद्ध हरपली, तर सीपीआर सुरू करावा. तुकडा निघाल्यानंतरही डॉक्टरांना दाखवावे, कारण पोटावरील दाबाने आतल्या अवयवांना इजा होऊ शकते.

पोटावर दाब देण्याची ही पद्धत सिनसिनाटीचे शल्यचिकित्सक हेन्री हाइमलिच यांनी १९७४ मध्ये मांडली. न्यूयॉर्कच्या उपाहारगृहांत अशा प्रथमोपचाराचा फलक लावणे कायद्याने बंधनकारक आहे. पण भिंतीवरच्या फलकाने घास निघत नाही. कोणत्या मांसाबरोबर कोणती वाइन चालते, हे वाढप्यांना शिकवणाऱ्या मालकाला हे शिकवणेही जड जाऊ नये. मटणाच्या फोडी आणि हाडे वाढणाऱ्या महाराष्ट्रातील खानावळींना, धाब्यांना आणि लग्नाच्या पंगतींनाही ते तितकेच लागू आहे. इथे अशा वेळी १०८ क्रमांकावर फोन करावा. पण रुग्णवाहिका येईपर्यंतची मिनिटे शेजारी बसलेल्यांच्याच हातात असतात.

हाइमलिच यांच्यावर स्वतः ही वेळ आली ती २०१६ मध्ये, वयाच्या ९६ व्या वर्षी. ते राहत होते त्या वृद्धनिवासाच्या भोजनगृहात शेजारच्या वृद्धेच्या घशात मांसाचा तुकडा अडकला. त्यांनी आपल्याच पद्धतीने तो काढला आणि त्या वाचल्या. त्या टेबलावरून उठून गेल्या नाहीत, हे महत्त्वाचे. न चावणारा घास रुमालात काढून ठेवणे यात लाजण्यासारखे काही नाही. श्वास कोंडला, तर टेबलावर हात आपटावा, शेजाऱ्याला धरावे. जागा मात्र सोडू नये.