संसारांतील शास्त्र : जोड जुळावी कशी?

विवाह जुळवितांना आपण कुल, वय, प्रकृति, शिक्षण अशा दहा गोष्टी पाहतों. परंतु बाजारांतून एखादें यंत्र घरीं आणतांना पेटीवरील सर्वांत मोठा आंकडा पाहून भुलतों. शिकल्यासवरल्या कुटुंबांतूनही हें घडतें. गेल्या उन्हाळ्याच्या आरंभीं आमच्याच घरीं तसें घडूं पाहत होतें. म्हणून तो प्रसंग वाचकांपुढें मांडतों.

आमचे कनिष्ठ बंधु झाडीपट्टीच्या नाटकांचे मोठे शौकीन. दिवाळी सरली कीं शंकरपटाच्या निमित्तानें ह्या भागांत गांवोगांव मंडप पडतात आणि नाटक पहाटेपर्यंत चालतें. वडसा हें ह्या नाटकमंडळ्यांचें मुख्य ठाणें. ह्याच रंगभूमीचे ज्येष्ठ कलावंत श्री. परशुराम खुणे ह्यांस सन २०२३ मध्यें पद्मश्री मिळाली, हें वाचकांस स्मरत असेल. बंधु चंद्रपुराहून मूल, सावली, वैनगंगेचा पूल, गडचिरोली, आरमोरी असा मार्ग धरून वडशास जात आणि परततांना मोटारींत नाट्यगीतें लावीत. त्यासाठीं त्यांनीं एक चांगला ॲम्प्लिफायर स्वतः निवडून, स्वतःच्या हातांनीं गाडींत बसविला होता.

गेल्या माघांत त्यांचें वर्षश्राद्ध झालें. गाडी आतां चिरंजीव पुतण्या चालवितो. उन्हानें जुन्या सबवूफरची कड फाटली, तेव्हां तो नवा आणावयास निघाला आणि एक माहितीपत्रक घेऊन परतला. त्यावर ठळक अक्षरांत ‘२००० वॉट’ असें छापलें होतें. दुकानदारानें त्यास सांगितलें, “हा स्पीकर एक ओहमवर चालवावयाचा, तुमचें जुनें यंत्र त्यास पुरणार नाहीं. तेंही बदला.” पुतण्या तयार झाला होता. आमची भावजय मात्र स्वयंपाकघराच्या दारांत येऊन म्हणाली, “अण्णा, ती ॲम्प्लिफायरची पेटी तेवढी राहूं द्या.” ती अधिक कांहीं बोलली नाहीं. आम्हीं पुतण्यास चार दिवस थांबण्यास सांगितलें.

आतां ज्यांस हा विषय नवा, त्यांच्यासाठीं दोन शब्द. संगीताची क्षीण वीज बलवान करतो तो ॲम्प्लिफायर, आणि सुमारें २० ते २०० हर्ट्‌झपर्यंतचे खर्ज ध्वनि काढतो तो सबवूफर. डग्ग्याची घुमक, मृदंगाची थाप ह्या त्याच्या वांट्याच्या. सबवूफरच्या पोटांत तांब्याच्या तारेचें वेटोळें, म्हणजे कॉइल, असतें. विजेच्या वाटेंत तें जो अडथळा करतें तो ओहममध्यें मोजतात. जॉर्ज ओहम ह्यानें आपला नियम सन १८२७ मध्यें ग्रंथरूपानें मांडला. तोही व्यवसायानें आमच्यासारखा शाळामास्तरच होता. नियमाचें सार एवढेंच कीं, अडथळा जितका कमी, तितका प्रवाह अधिक.

हें सार आम्ही नुकसान सोसून शिकलों. नोकरींत असतांना एका स्नेहसंमेलनांत आम्हीं आठ ओहमचे चार स्पीकर एकाच यंत्रास समांतर जोडले. चौघांचा मिळून अडथळा दोनच ओहम उरला, आणि यंत्र चार ओहमच्या खालीं चालण्याजोगें नव्हतें. दुसऱ्या अंकांत जळका वास आला. उरलेलें नाटक मुलांनीं घसा ताणून पुरें केलें. दोष सर्वस्वीं आमचा होता. यंत्राची पुस्तिका कपाटांत न उघडतां पडली होती.

म्हणून ह्या खेपेस आम्हीं आधीं घरचें यंत्र वाचलें. बंधूंच्या ॲम्प्लिफायरवर तीन गोष्टी कोरल्या होत्या : ४ ओहमला ३०० वॉट, २ ओहमला ५०० वॉट, आणि २ ओहमच्या खालीं जोडूं नये. माहितीपत्रकांतील स्पीकरला दोन कॉइली होत्या, प्रत्येकी २ ओहमची. त्या एकीपुढें एक जोडल्या तर ४ ओहम होतात, समांतर जोडल्या तर १. म्हणजे दुकानदार खोटें बोलला नव्हता. समांतर जोडणी करून आमचें यंत्र खरोखरच जळालें असतें. परंतु ही उणीव यंत्राची नसून निवडीची होती. तसेंच ते २००० वॉट म्हणजे क्षणभराचा कमाल आंकडा. स्पीकर सतत किती वॉट सोसतो, तें आर. एम. एस. ह्या नांवाखालीं बारीक अक्षरांत दिलेलें असतें. तेथें ५०० होतें. जोड जुळवितांना दोन्हीं बाजूंचा हाच आंकडा पाहावा. ठळक आंकड्याकडे लक्षही देऊं नये.

पुतण्या अभियांत्रिकीचा विद्यार्थी. तो म्हणाला, “अण्णाकाका, मग प्रत्येकी ४ ओहमच्या दोन कॉइलींचा स्पीकर घेऊं. समांतर जोडला कीं २ ओहम होतील, आणि यंत्राचे पुरे ५०० वॉट मिळतील.” बोलणें अगदीं शास्त्रशुद्ध होतें. परंतु आम्हीं त्यास दोन हिशेब मांडावयास लाविले.

पहिला हिशेब कानाचा. शक्ति दुप्पट केली तर ध्वनि केवळ ३ डेसिबल वाढतो. कानास दुप्पट वाटावा म्हणून शक्ति सुमारें दहापट करावी लागते. ३०० चे ५०० वॉट केल्यानें अवघे २ डेसिबल पदरांत पडतात. उलट, जो स्पीकर तेवढ्याच विजेंत ३ डेसिबल अधिक वाजतो, तो घेणें म्हणजे ॲम्प्लिफायर फुकट दुप्पट करणें होय. ह्या गुणास संवेदनशीलता म्हणतात. येथेंही एक मेख आहे. कोणी ती एका वॉटला मोजतात, कोणी २.८३ व्होल्टला. तेवढ्याच व्होल्टला ८ ओहमचा स्पीकर एक वॉट घेतो, ४ ओहमचा दोन आणि २ ओहमचा चार. म्हणून २ ओहमच्या स्पीकरचा आंकडा कागदावर ६ डेसिबलनें फुगलेला दिसतो. एकाच मापानें मोजलेले आंकडे असतील तरच तुलना करावी.

दुसरा हिशेब रस्त्याचा. ५०० वॉट काढणारें यंत्र, त्यांतील नासधूस धरून, भर आवाजांत गाडीच्या विजेंतून सुमारें ४५ अँपिअर ओढतें. ३०० वॉटचें सुमारें २७. साध्या हॅलोजनचे दोन पुढचे दिवे मिळून आठच अँपिअर घेतात. तेव्हां प्रत्येक ठोक्यास दिवे मंद होतात, ही तक्रार ऐकूं येते त्यांत नवल नाहीं. पुण्यामुंबईच्या उजळलेल्या रस्त्यावर ती केवळ गैरसोय ठरेल. परंतु मूलपासून पुढें रात्रीचा रस्ता जंगलांतला. केव्हां रानडुक्कर, केव्हां चितळ, प्रसंगीं वाघही आडवा जातो. तेथें दिव्यांनीं क्षणभरही डोळे मिटूं नयेत. शिवाय चंद्रपुरांत मे महिन्यांत पारा ४५ अंशांच्या वर जातो. यंत्र २ ओहमवर अधिक तापतें. आणि स्पीकरची तांब्याची तार शंभर अंशांनीं तापली तर तिचा अडथळा सुमारें चाळीस टक्क्यांनीं वाढून विकत घेतलेली शक्ति तेथेंच जिरते.

हे दोन्हीं हिशेब स्वतःच्या हातांनीं केल्यावर पुतण्यास अधिक सांगण्याचें कारण उरलें नाहीं. शेवटीं १२ इंची, एका कॉइलीचा, ४ ओहमचा, ३०० वॉट सतत सोसणारा, परंतु संवेदनशीलतेंत जुन्याहून सरस असा स्पीकर ठरला. किंमत पहिल्याच्या निम्म्याहून कमी. पेटी बंद करवून घेतली. छिद्राची पेटी आवाज अधिक देते, पण तिच्या ठरल्या स्वराखालीं पडदा मोकाट हलतो. बंद पेटींत डग्ग्याचा बोल स्वच्छ उमटतो. पेटीचा आकार निर्मात्यानें सांगितला तेवढाच ठेवला, आणि आरमोरीच्या पुढें रस्ता धक्क्यांचा म्हणून ती तळाशीं बोल्टांनीं पक्की केली. फ्यूज बॅटरीपासून हातभर अंतराच्या आंत बसविला; मध्यें तार घासली तर आग लागूं नये म्हणून.

एक सूचना सर्वांसाठीं. ॲम्प्लिफायरवरील ‘गेन’ नांवाची कळ आवाज वाढविण्याची नव्हे. ती शेवटपर्यंत फिरविली तर लहान यंत्रही स्वराचीं टोकें छाटूं लागतें, आणि तसल्या छाटलेल्या आवाजानें मोठमोठ्या स्पीकरच्या कॉइली जळतात. आवाज फाटूं लागतो त्याच्या अलीकडेच ती थांबवावी. तसेंच आपलें गाणें शेजाऱ्याच्या भिंतींत शिरूं देऊं नये. सन २००० च्या ध्वनिनियमांनीं वस्तीसाठीं दिवसा ५५ आणि रात्रीं ४५ डेसिबल ही मर्यादा घातली आहे. जंगलाच्या हद्दींत तर आमच्या घरचा नियम असा कीं, यंत्र बंदच ठेवावयाचें. तेथील श्रोते निराळे आहेत.

पहिल्या दिवशीं आम्ही सर्व सावलीपर्यंत जाऊन आलों. भावजय मागच्या आसनावर बसली होती. बंधूंच्या आवडीचें पद लागलें, ती तें शेवटपर्यंत ऐकत राहिली, आणि मग म्हणाली, “अण्णा, डग्गा त्यांच्या वेळेसारखाच वाजतो आहे.” पुतण्यानें आरशांतून तिच्याकडे एकवार पाहिलें व गाडी जरा हळूं केली.

बाजारांत जाण्यापूर्वीं घरीं काय आहे तें आधीं वाचावें, एवढेंच आम्हांस सांगावयाचें होतें. नवें आणावयाचें तें घरांतील जुन्याशीं बसणारें आणावें. त्यांत पैसा वांचतो, आणि कधीं कधीं पैशानें न मिळणारेंही कांहीं वांचतें.