390 विरुद्ध शून्य, निकाल दारूच्या बाजूने!



27 मे 2021 रोजी मंत्रिमंडळाच्या एका बैठकीत चंद्रपूरची दारूबंदी उठली आणि जुलैत, ऐन रोवणीच्या दिवसांत, दुकानांची शटरं वर गेली. दारूने घराचं काय होतं, हे तुम्हाला पत्रकातून सांगायला नको. आम्हाला बोलायचंय मोजणीबद्दल.

याच बंदीसाठी डिसेंबर 2010 मध्ये बाया चिमूरहून पायी नागपूरच्या विधानभवनावर गेल्या. शेकडो ग्रामपंचायतींनी ठराव केले. तेव्हा कुठे 1 एप्रिल 2015 ला बंदी आली. उठवताना मात्र एकाही गावात बायांचं मतदान घेतलं नाही.

वर आम्हालाच सांगतात, ‘दुकान नको तर आडव्या बाटलीला मत द्या, कायदा आहे ना!’ आहे की. आधी 25 टक्के सह्या गोळा करा, त्या तपासून घ्या, मग मतदान. त्यात झालेल्या मतांच्या नव्हे, यादीतल्या एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून जास्त मतं हवीत. समजा, यादीत 800 बाया. 390 आल्या, झाडून सगळ्यांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला, उभीला एकही मत नाही. दुकान चालूच! मिरची तोडायला तेलंगणात गेलेली, माहेरी बाळंतीण असलेली, मरूनही यादीत उरलेली म्हातारी, सगळ्या दारूवाल्याच्या खात्यात. हा नियम आमदारकीला लावा, मग विधानसभेत किती खुर्च्या भरतात ते बघू. तेंदूच्या फडीवर आम्ही सत्तर पानांचा पुडा बांधतो. झाडावर राहिलेली पानं तिथे कुणी ठेकेदाराच्या नावावर मांडत नाही.

‘बंदी फसली, चोरून विकतच होते.’ पकडायचं काम कुणाचं होतं? नापास खातं, शिक्षा बायांना! आता तर व्याहाडच्या पुलावरून पव्वे वैनगंगेपलीकडे गडचिरोलीच्या बंदीतही सुखाने जातील.

‘महसूल बुडतो.’ तो महसूल रोवणीच्या मजुरीतूनच जातो ना?

‘मोह ही आदिवासींची परंपरा.’ परंपरा मोहाची आणि परवाना देशीचा! देशीचा पव्वा कोणत्या पेनाला, कोणत्या देवाला चढतो, ते एकदा सांगा.

बाईला विचारायचं तर सरकारने कधीच कबूल केलंय. 1993 साली गडचिरोलीत बंदी आली. त्याच साली भारताने स्त्रियांवरील भेदभाव संपवण्याचा संयुक्त राष्ट्रांचा करार मान्य केला. त्याच्या चौदाव्या कलमात लिहिलंय की विकासाचं नियोजन करताना खेड्यातल्या बाईला सहभागी करून घ्या. 2015 मध्ये जगाने स्त्री-पुरुष समानतेचं ध्येय ठरवलं, त्यावरही भारत राजी. म्हणून 8 मार्चला आम्हाला फेटे बांधून पहिल्या रांगेत बसवतात. फोटोत बाई हवी, निर्णयात नको!

आमच्या मागण्या दोनच. आडव्या बाटलीचा निकाल झालेल्या मतांवर लावा. आणि यादीतल्या निम्म्या बायांचा नियम इतकाच प्यारा असेल, तर तो उभ्या बाटलीला लावा: तेवढ्या बायांचा होकार आणल्याशिवाय बंद झालेलं एकही दुकान उघडायचं नाही.

येत्या ग्रामसभेत हाच ठराव मांडा आणि इतिवृत्तात लिहून घेतल्याशिवाय उठू नका.